कारखाने बंद पडलेल्या कामगार वस्तीत पालिकेची शाळा सुधारायची तर सुरुवात कुठून करावी?

मी ठाण्यात किसननगरला राहते, मुलगी पालिकेच्या शाळेत आहे आणि मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत आहे, त्यावरून सांगते. सुरुवात आठवी संपणाऱ्या मुलांपासून करा. स्मार्ट बोर्ड, रंगरंगोटी नंतर बघू.

माझे सासरे आठवी नापास. वागळे इस्टेटच्या कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटले, मिस्त्रीच्या हाताखाली लेथ मशीन शिकले, टर्नर झाले, पर्मनंट झाले आणि त्या पगारावर चार पोरं वाढली. म्हणजे शाळा सुटली तरी पुढचं कंपनीत शिकायला मिळायचं. आता तिथे आयटी पार्क झालेत, आठवीवाल्याला आत जायचं तर हाऊसकीपिंग नाहीतर सिक्युरिटी, नवीन काही शिकवत नाहीत आणि कंत्राट बदललं की परत घरी.

आणि शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचाच, आमची शाळा पण आठवीलाच संपते. मग दाखला काढा, दुसरी शाळा शोधा, रोजचं रिक्षाभाडं बघा, आई कामावर बाप कामावर, कोण फिरणार? आमच्या चाळीतल्या एका मुलाचा दाखला जूनमध्ये काढला तो अजून घरात पत्र्याच्या डब्यात आहे, पोरगा मंडपवाल्याकडे जातो. गणितात चांगला होता हो तो, फार वाईट वाटतं.

म्हणून नववी-दहावी त्याच इमारतीत सुरू करा, आमच्याकडे तरी दुपारनंतर वर्ग रिकामेच असतात. आणि आयटीआयची माहिती सातवीपासून घरी पोचवा, फिटर आणि इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, हे आमच्यातल्या निम्म्या पालकांना माहीतच नव्हतं.

कायद्याने समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका हव्यात, कागदावर आम्ही होतोच, पण मीटिंग सकाळी ११ ला, म्हणजे खाडा, पगार कापला जाणार, कोण येईल? भांडून रविवारी करून घेतली तेव्हा पहिल्यांदा बाप लोक आले. यंदा आम्ही आठवीच्या मुलांची यादी वाटून घेतलीय, माझ्याकडे पाच घरं आहेत, जुलैमध्ये प्रत्येक घरी जाऊन नववीची ॲडमिशन पावती डोळ्यांनी बघायची असं ठरलंय.