पुस्तकांचे नवे दुकान आणि स्वस्तातला माल : प्रश्नोत्तरे

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा असतो : पुस्तकांचे लहानसे दुकान काढायचे आहे, भांडवल थोडे आहे, तर स्वस्त माल कुठे मिळेल? प्रश्न रास्त आहे. मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘स्वस्त’ म्हणजे ‘जास्त सूट’ असे गृहीत धरलेले असते. तेहतीस वर्षे ग्रंथविक्री केल्यावर माझे मत असे झाले आहे की, जे पुस्तक विकले जाते किंवा विकले न गेल्यास परत घेतले जाते, तेच दुकानदाराला स्वस्त पडते. त्या दृष्टीने काही निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : दुकान जुळे सोलापुरात आहे. मालासाठी दीड लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. सगळा माल पुण्याहून एकदम आणावा का? (एक वाचक)

एकदम आणू नये. पहिल्या खेपेला निम्म्या रकमेचाच माल भरावा आणि उरलेली रक्कम, ग्राहक काय मागतात ते दोन-तीन महिने पाहून, त्याप्रमाणे वापरावी. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात प्रकाशक आणि घाऊक विक्रेते जवळजवळ असल्यामुळे हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येते. कथा-कादंबऱ्या आणि इतर ललित साहित्यावर साधारणपणे २५ ते ४० टक्के सूट मिळते. पाठ्यपुस्तकांवर ती बरीच कमी असते. प्रकाशक थेट जास्त सूट देतो हे खरे असले, तरी त्यासाठी तो प्रतींची संख्याही जास्त मागतो. घाऊक विक्रेत्याकडे चार-पाच टक्के कमी मिळाले, तरी दहा प्रकाशकांची एकेक-दोनदोन पुस्तके एकाच बिलावर मिळतात, आणि नव्या दुकानाला तेच सोयीचे असते.

राष्ट्रीय पुस्तक न्यासाची मुलांसाठीची मराठी पुस्तके, तसेच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची शासकीय ग्रंथागारातून मिळणारी पुस्तके यांची छापील किंमतच कमी असते. त्यामुळे नफा थोडा मिळाला तरी पैसाही थोडाच अडकतो. विक्रेत्यांसाठीच्या अटी त्या त्या कार्यालयाकडून लेखी मागवाव्यात. पुण्याला जाण्यापूर्वी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात दोन दिवस जाऊन देवघेव विभागातील सेवकांशी बोलावे. कोणते पुस्तक सतत बाहेर असते आणि कोणते वर्षानुवर्षे फळीवरच राहते, हे त्यांच्याइतके कोणालाही माहीत नसते.

प्रश्न : पुस्तकांवर जीएसटी आहे का? (एक वाचिका, बार्शी)

छापील पुस्तकांवर नाही. परंतु त्याच कारणाने जागाभाडे आणि वाहतुकीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही; दुकानात पेन आणि इतर स्टेशनरी ठेवणार असाल तर नोंदणीबाबत सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : एका व्यापाऱ्याने छापील किमतीवर ७५ टक्के सूट देऊन ‘लॉट’ देऊ केला आहे. तेरा हजारांत बावन्न हजारांची पुस्तके मिळतात आणि ‘सगळे जण असाच माल घेतात’ असे तो सांगतो. घ्यावा का? (एक वाचक, होटगी रस्ता)

घेऊ नये. ‘सगळे जण’ म्हणजे कोण, असे त्याला विचारावे आणि त्यांपैकी दोन दुकाने आपल्याला दाखवावीत असा आग्रह धरावा. हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतो आणि विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पैसे आधीच दिलेले असतात, म्हणून याचे उत्तर विस्ताराने देतो.

मीही हे एकदा केलेले आहे. दुकान काढून दोनच वर्षे झाली होती आणि परगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून मी अशीच सात पोती घेतली. तोंडाशी नावाजलेल्या लेखकांची पंचवीस-तीस पुस्तके नीट लावलेली होती, आणि तेवढीच मला दाखवण्यात आली होती. दुकानात आणून पोती रिकामी केली तेव्हा खाली अभ्यासक्रम बदलून गेलेल्या एका मार्गदर्शक पुस्तकाच्या (गाइडच्या) एकशे चाळीस प्रती निघाल्या. त्यांच्याखालचा थर कधीतरी भिजून वाळलेला होता. पाने एकमेकांना चिकटली होती आणि बोटाने सोडवायला गेले की अक्षरांसह कागदाचा पापुद्रा निघत होता. गोंदाच्या बांधणीची जी पुस्तके शाबूत होती, त्यांचे कणे सोलापूरच्या पुढच्या एप्रिल-मे महिन्यांत तडकले. मला पाचवा हिस्साही विकता आला नाही, आणि बाकीचे चार वर्षांनी रद्दीत घातले.

आता आकडे पाहा. उदाहरणादाखल, बावन्न हजारांच्या मालापैकी दहा हजारांची पुस्तके निम्म्या किमतीत विकली गेली, तर हाती पाच हजार येतात आणि आठ हजार फळीवर अडकून राहतात. त्याच तेरा हजारांत, ३५ टक्के सुटीने आणि परतीच्या बोलीवर (न विकलेली पुस्तके परत घेण्याच्या अटीवर), छापील वीस हजारांची निवडलेली पुस्तके येतात. त्यांतली पंधरा हजारांची ग्राहकाला दहा टक्के सूट देऊन विकली, तर साडेतेरा हजार मिळतात, आणि उरलेली पाच हजारांची परत केल्यावर सव्वातीन हजार खात्यावर जमा होतात. वाहतूक धरण्यापूर्वीचा फायदा पावणेचार हजार झाला. येथे लॉटच्या ७५ टक्क्यांपेक्षा दुसऱ्या खरेदीचे ३५ टक्के मोठे ठरतात आणि त्याचे कारण निवडलेली पुस्तके आणि परतीची अट हे आहे.

यातल्या युक्त्याही ओळखून ठेवाव्यात. जुन्या छापील किमतीवर वाढीव किमतीची चिकटपट्टी लावायची आणि त्या वाढीव किमतीवर सूट दाखवायची, ही एक. मुलांच्या चकचकीत संचांवर मुळातच नऊशे-हजार रुपये छापायचे, म्हणजे ८० टक्के सूट देऊनही छापणाऱ्याला नफा राहतो, ही दुसरी. लॉट घ्यायचाच असेल तर प्रत्येक गठ्ठा आपल्यासमोर सोडायला लावावा, यादी करून तेवढीच पुस्तके उचलावीत आणि प्रत्येक पुस्तकाचे आवृत्तीचे वर्ष पाहावे.

परतीची बोली मात्र तोंडी कधीही ठेवू नये. ‘आपलंच दुकान समजा, कधीही परत करा’ या वाक्यावर मी माणसे बुडताना पाहिली आहेत. किती महिन्यांत परत घेणार, परतीचे भाडे कोण देणार, पैसे रोख मिळणार की क्रेडिट नोट (पुढच्या बिलातून वजा होणारी रक्कम), आणि कोपरा दुमडलेली प्रत चालणार की नाही, या चार गोष्टी बिलावर किंवा पत्रात लिहून घ्याव्यात, आणि पन्नास हजारांपुढचा व्यवहार असेल तर तो मजकूर वकिलांना दाखवूनच सही करावी.

प्रश्न : गाजलेली इंग्रजी पुस्तके आणि त्यांचे मराठी अनुवाद ऐंशी-शंभर रुपयांत पुरवणारे लोक आहेत. पकडतात ते छापणाऱ्याला, विकणाऱ्याला काही होत नाही, असे ऐकले आहे. खरे आहे का? (एक वाचक, विजापूर रस्ता)

साफ खोटे आहे. प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार अनधिकृत प्रत विकणे हेही उल्लंघनच आहे. जाणूनबुजून तसे करणाऱ्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, शिवाय पोलीस उपनिरीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी अशा प्रती जप्त करू शकतो. ज्या पुस्तकावर अधिकृत विक्रेत्याला ४० टक्क्यांच्या वर सूट मिळत नाही, ते तुम्हाला ८० टक्के सुटीने मिळते, एवढ्यावरूनच उलगडा व्हायला हवा. पातळ कागदावर मागच्या पानाचे अक्षर उमटलेले दिसते, मुखपृष्ठावरचे छायाचित्र पुसट असते, ओळी तिरक्या असतात. असा माल अजाणता दुकानात आला असेल तर तो विक्रीतून लगेच काढावा आणि पुढे काय करायचे ते वकिलांना विचारावे. आहे तेवढा विकून टाकू, असा विचार करू नये.

प्रश्न : रद्दीवाल्यांकडून किलोवर जुनी पुस्तके घेऊन विकावीत का? (एक वाचिका, अक्कलकोट)

अवश्य, पण निवडून. छोट्या दुकानाला परवडणारा हा सर्वांत चांगला मार्ग आहे आणि खऱ्या प्रतीची फेरविक्री कायदेशीर आहे. मात्र प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान आणि मधले एखादे पान उघडून ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक पाहावा. शिक्का असून ‘रद्द केले’ अशी नोंद नसेल तर ते पुस्तक घेऊ नये आणि त्या ग्रंथालयाला कळवावे. स्पर्धा परीक्षांची जुनी पुस्तके स्वस्त मिळतात म्हणून उचलू नयेत. विद्यार्थी चालू आवृत्तीच मागतो. कण्यापाशी बारीक भोके किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर कीड आहे असे समजावे आणि ते पुस्तक नव्या मालाजवळही ठेवू नये. दुर्मीळ वाटणारी प्रत हाती आली, तर किंमत ठरवण्यापूर्वी जाणत्या ग्रंथपालांना दाखवावी. बांधणीची दुरुस्ती स्वतः चिकटपट्टी लावून न करता पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे द्यावी.

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात दुकान आहे. तेलुगू पुस्तके ठेवावीत का? (एक वाचक)

ठेवावीत, पण आधी मागणी नोंदवून. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे पुष्कळ आहेत. परंतु घरी बोलली जाणारी भाषा वाचता येतेच असे नाही. तेलुगूसाठी हैदराबाद, कन्नडसाठी धारवाड किंवा बेंगळुरू येथील विक्रेत्यांकडून पंधरा-वीस प्रती मागवून पाहाव्यात, आणि निवडीसाठी त्या माध्यमाच्या शाळेतील शिक्षकांना विचारावे.

प्रश्न : जुन्या लेखकांची पुस्तके वेगवेगळे प्रकाशक निरनिराळ्या किमतींना विकतात. हे चालते का? सर्वांत स्वस्त आवृत्ती घ्यावी का? (एक वाचक, पंढरपूर)

लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे झाली की त्याचे लेखन सर्वांना छापता येते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही छापू शकतो. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. मूळ लेखन मोकळे झाले तरी प्रस्तावना, चित्रे, अनुवाद यांचे हक्क स्वतंत्र असतात, तेव्हा शंका असल्यास प्रकाशकाला विचारावे.

स्वस्त आवृत्ती सरसकट घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. अनेक आवृत्त्या मुद्रितशोधन न करता छापलेल्या असतात. परिच्छेद गळतात, अनुस्वार उडतात, कवितेच्या ओळी गद्यासारख्या जोडल्या जातात. आपल्या दुकानातून घेतलेले पुस्तक कदाचित एखाद्या मुलाच्या हाती पडणारे पहिलेच पुस्तक असेल. पंढरपुरात तर हरिपाठ आणि ज्ञानेश्वरीच्या स्वस्त प्रती वर्षभर खपतात, तिथे ही काळजी दुप्पट हवी. माल घेण्यापूर्वी जुन्या विश्वसनीय प्रतीशी कोणतीही दोन पाने पडताळून पाहावीत. त्याला दहा मिनिटे पुरतात.

प्रश्न : पाच-सात पुस्तकेच मागवायची असतील तर भाडे परवडत नाही. (एक वाचक, करमाळा)

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेल्या ‘ज्ञान पोस्ट’ने पाच किलोपर्यंतचे पुस्तकांचे पार्सल सुमारे शंभर रुपये आणि कर एवढ्यात येते; आपले पुस्तक त्यात बसते का, हे पाठवणाऱ्याने आधी टपाल कार्यालयात विचारावे.

प्रश्न : दहा दिवसांवर गड्डा यात्रा (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) आहे. होम मैदानावर पुस्तकांचा गाळा लावायचा आहे, माल कुठून मिळेल? (एक वाचक, सोलापूर)

या यात्रेसाठी मिळणार नाही, आणि धावपळ करून मिळवलाच तर तो कोणाच्या तरी गोदामात पडून राहिलेलाच असेल. दिवाळी संपताच जागेच्या अटी आणि भाडे देवस्थान समितीच्या कार्यालयात विचारावे, आणि त्याच आठवड्यात दोन-तीन घाऊक विक्रेत्यांकडे परतीच्या बोलीवर मुलांची, पाककृतींची आणि भक्तिपर पुस्तके नोंदवावीत. यंदा संक्रांतीला यात्रेत जाऊन इतरांच्या गाळ्यांवर कोणत्या पुस्तकांना हात लागतो, ते वहीत टिपून आणावे.