डीडीआर-४ रॅम घ्यावी की डीडीआर-५?

प्रश्न: मुलाला कॉलेजसाठी डेस्कटॉप असेंबल करायचाय, कोडिंग आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग. दुकानदार म्हणतो डीडीआर-४ रॅमचा (जुन्या प्रकारच्या) मदरबोर्ड घ्या, स्वस्त पडेल. घेऊ का? – एक वाचक, राजवाडा, इंदूर

उत्तर: ताई, नवीनच करताय तर डीडीआर-४ अजिबात नको! एएम-५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, ही एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठी) बोर्ड घ्या, त्याला डीडीआर-५ रॅमच लागते, ती महाग पडते हे खरंय, पण हे सॉकेट २०२२ चं आहे आणि एएमडीने २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देऊ म्हटलंय, म्हणजे पुढे बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येतो. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर छान आहे, डिस्प्लेपुरतं ग्राफिक्स त्यातच येतं, ग्राफिक्स कार्ड नंतर घ्या. रॅमच्या दोन स्टिक घ्या, चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा. पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, बोर्ड रॅम तपासत असतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नका. आणि पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा तर मुळीच घेऊ नका.