२०११-१२ च्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये, मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड, दोघांचेही ८९ गुण होते. मग विजेतेपद सिटीला कसं मिळालं? आपसातले सामने जिंकले म्हणून?

नाही, सिटी जिंकली ती गोलफरकावर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल): सिटी +६४, युनायटेड +५६. इंग्लंडच्या तेव्हाच्या नियमात गुण सारखे झाले की आधी गोलफरक, मग केलेले एकूण गोल बघत; तरीही बरोबरी राहिली तर तटस्थ मैदानावर निर्णायक सामना. सिटीने ९३ गोल करून २९ खाल्ले, युनायटेडने ८९ करून ३३. सगळ्यांना शेवटच्या दिवशीचा सिटीच्या अग्वेरोचा जादा वेळेतला गोल आठवतो, आणि तो नसता तर क्यूपीआरशी (क्वीन्स पार्क रेंजर्स) २-२ बरोबरी होऊन चषक युनायटेडकडे गेला असता हे खरंच. पण माझ्या मते फरक पडला तो ऑक्टोबरमध्ये, युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सिटीने मिळवलेल्या ६-१ विजयाने. तो सामना सिटीने फक्त १-० असा जिंकला असता, तर दोन्ही संघ ८८ गोल केलेले, २८ खाल्लेले, फरक +६० असे तंतोतंत सारखे राहिले असते! हाताने वजाबाकी करून पाहा.

आपसातल्या सामन्यांचा निकष स्पेनमध्ये आधी लागतो. २००६-०७ मध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना ७६ गुणांवर होते, बार्सिलोनाचा गोलफरक सरस होता, तरी विजेता माद्रिद ठरला. सिटीने मात्र त्या हंगामात लीगमध्ये युनायटेडला दोन्ही वेळा हरवलं होतं, म्हणजे स्पेनच्या नियमानेही तीच पहिली आली असती.