मुक्तेश्वरच्या वाटेवर पाहिलेला पांढरा रानगुलाब पुण्यात गच्चीवर लावता येईल का?

वेल जगेल, पण फुलांची आशा धरू नका.

तुम्ही लिहिलंय तसं, पाच पाकळ्या, मध्ये पिवळे पुंकेसर आणि उंच झाडावर चढून वरून ओघळणारा पांढरा फुलोरा, म्हणजे तो कुंजच. उत्तराखंडच्या कुमाऊँत कुंज किंवा कुंजा म्हणतात, हिमाचलात कुजा. शास्त्रीय नाव रोझा ब्रुनोनी. १८२० मध्ये जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने रॉबर्ट ब्राउन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ठेवलेलं. वाऱ्यावर लांबून वास येतो आणि फूल नाकाशी धरलं तर तितका जाणवत नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. एकदा पाकळ्या उपटून फक्त पुंकेसर हुंगून बघा. वास बराचसा तिथेच असतो, किंचित लवंगेकडे झुकणारा.

मी आठ वर्षं अल्मोड्याजवळ राहतोय. पहिल्याच वर्षी हौसेने दोन रोपं कोथरूडला बहिणीकडे नेली. तीन वर्षांत वेल कठड्यावरून शेजाऱ्यांच्या डिशपर्यंत पोचली, पण कळी एक नाही. काटे मात्र चिल्हारीसारखे मागे वळलेले. कपडे वाळत घालायला गेलेल्या भाच्याची बाही फाटली तेव्हा बहिणीने ती मुळासकट काढली. थंडी पुरली नाही हे एक कारण. दुसरं आमचं अज्ञान. बहीण दर ऑक्टोबरात बाकीच्या गुलाबांबरोबर याचीही छाटणी करायची. कुंज फुलतो तो गेल्या वर्षीच्या फांद्यांवर, तोही वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे ऑक्टोबरात कात्री लावली की पुढचा बहार कचऱ्यात. छाटायचंच तर फुलं झडल्यावर लगेच, आणि तेही वाळलेलं, गुंतलेलं तेवढंच.

ओळखीत कुणाची डोंगरात, थंड जागी जमीन असेल तर मात्र जरूर लावा. याला कमान-बिमान पुरत नाही, सात-आठ मीटर सहज चढतो. माझा बांजाच्या, म्हणजे हिमालयातल्या ओकच्या, जुन्या झाडावर सोडलाय. झाडापासून तीन-चार फूट लांब खड्डा घेतला, कारण बुंध्याला चिकटून लावलं की झाडाची मुळंच सगळं पाणी पितात, आणि पहिली दोन वर्षं फांद्या दोरीने झाडाकडे वळवल्या. पुढे तो आपला आपण चढला.

रोप करायला दाब कलम सगळ्यात सोपं. पावसाच्या सुरुवातीला लवचिक फांदी वाकवायची, डोळ्याखाली (जिथून कोंब फुटतो तिथे) साल थोडी खरवडायची, मातीत दाबून वर दगड ठेवायचा. पुढच्या वसंतापर्यंत मुळं धरतात. बियांपासून करायचं तर शरदात फळं पिकली की गर धुऊन काढायचा आणि बी ओल्या वाळूत फ्रिजमध्ये दोन-तीन महिने ठेवायचं. तरी सगळं एकदम उगवत नाही. काही बिया दुसऱ्या वर्षी डोकं वर काढतात, म्हणून कुंडी फेकायची घाई करू नका. आणि कृपा करून बिनसरसारख्या अभयारण्यातून फांद्या तोडून आणू नका.

पुण्यात रानगुलाबच हवा असेल तर रोझा क्लिनोफिला शोधा. हा आपल्याच सपाटीवरचा: बंगाल-बिहारचे नदीकाठ, शिवाय माउंट अबू. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचंच. उन्हाळा सोसतो, आणि पाणी तुंबलेल्या जमिनीतही तग धरतो, जे बाकी गुलाबांना अजिबात खपत नाही. कोडाईकॅनालच्या वीरराघवन दांपत्याने उष्ण हवेतले गुलाब तयार करायला हाच वापरला, आणि जोडीला मणिपूरकडचा रोझा जायगँटिया. रोप मिळवायला खटपट करावी लागेल. नेहमीच्या नर्सरीत मला कधी दिसलं नाही.

नर्सरीत ‘जंगली गुलाब’ म्हणून हातात देतात तो बहुतेक वेळा डोळा भरायचा खुंट असतो, म्हणजे ज्यावर दुसऱ्या गुलाबाचं कलम बांधतात तो. पानाच्या देठाचं बूड बघा. तिथली हिरवी पट्टी झालरीसारखी कातरलेली असेल तर तो रोझा मल्टिफ्लोरा, दुसराच गुलाब. झुपक्याने फुलतो, वाईट नाही, पण कुंजाचे पैसे त्याला देऊ नका.