प्लास्टिक खाणारा जिवाणू आणि तुझी एमएस्सी

प्रश्न: मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्लास्टिक आणि टायरचा कचरा एन्झाइमने संपवायचा, यावर मला काम करायचंय. बाबा म्हणतात, हे सगळं बातम्यांपुरतं. नोकरी लागेल असं काहीतरी शिक. काय करू?

उत्तर: बाबांची शंका निम्मी खरी आहे. जपानमधल्या साकाई इथे बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ सापडलेला इडिओनेला साकाएन्सिस हा जिवाणू २०१६ मध्ये जगासमोर आला, आणि तेव्हापासून 'प्लास्टिक खाणारा जिवाणू' अधूनमधून बातम्यांत झळकतो. पण तो खातो फक्त पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, आणि तेही रमतगमत. पेटच्या साखळीत एस्टर बंध, म्हणजे पाण्याच्या मदतीने तुटू शकणारे जोड असतात, म्हणून त्याच्या एन्झाइमला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) ती तोडता येते. पिशवीचं पॉलिथिन म्हणजे कार्बनला कार्बन जोडलेली सलग साखळी. तिथे हा उपाय चालत नाही.

खरी मजल कुठे मारली गेली ते बघ. फ्रान्समधल्या कार्बिओस कंपनीने तिथल्याच संशोधकांसोबत पानांच्या कंपोस्टमधून मिळालेलं एक एन्झाइम सुधारलं आणि २०२० मध्ये १० तासांत ९० टक्के पेट मूळ घटकांत उतरवून दाखवलं. तापमान होतं ७२ अंश, कारण साधारण ७० अंशांपाशी पेटची घट्ट साखळी सैल होते. प्लास्टिक आधी वितळवून झटकन थंड करावं लागतं, नाहीतर त्याचा स्फटिकी भाग एन्झाइमला दाद देत नाही. शिवाय साखळी तुटते तसं आम्ल सुटतं, ते मारायला अल्कली ओतत राहायची, मग तयार होणाऱ्या क्षाराचं काय करायचं? जिवाणू यात कुठेच नाही, बघितलंस?

टायरचं म्हणशील तर तो सध्या पीएचडीचा विषय आहे, नोकरीचा नाही. रबराचा चीक मिसळलेल्या दुधाळ ताटलीवर स्ट्रेप्टोमायसिस नावाचा जिवाणू वाढवला की वसाहतीभोवती स्वच्छ वलय पडतं; फार देखणं दिसतं ते! पण ते नुसतं नैसर्गिक रबर. टायरमध्ये गंधकाने साखळ्या एकमेकींना बांधलेल्या, त्यात काजळी आणि कृत्रिम रबर. एन्झाइम पृष्ठभागाच्या आत शिरतच नाही.

म्हणून एमएस्सी जीवरसायन किंवा जैवतंत्रज्ञानात कर, पण प्रथिन अभियांत्रिकी, म्हणजे एन्झाइमची रचना बदलून ते सुधारणं, शिकवणारा विभाग निवड. पॉलिमर रसायन स्वतःहून वाच. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, हात बसव. थोडी पायथन ही संगणकभाषा येऊ दे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सस विद्यापीठाच्या गटाने पेट तोडणारं एन्झाइम मशीन लर्निंगच्या मदतीनेच सुधारलं होतं. बाबांना सांग, एन्झाइम टिकाऊ करणं, टाकीत वाढवणं, शुद्ध करणं, ही कामं डिटर्जंट, स्टार्च, कापड आणि खाद्य उद्योगांत आजही चालतात. प्लास्टिकचं गाडं अडलं तरी तू अडणार नाहीस.

प्रोजेक्टसाठी गाइड गाठशील तेव्हा एक प्रश्न जरूर विचार: प्लास्टिक तुटलं हे तुम्ही मोजता कसं? 'वजन घटतं' एवढंच उत्तर आलं, तर दुसरी प्रयोगशाळा शोध. प्लास्टिकमध्ये मिसळलेली रसायनं नुसती झिरपून गेली तरी वजन घटतं.