'कामचुकार' म्हणजे 'आळशी' का?

प्रश्न असा: कर्मचाऱ्यांच्या नियमावलीत 'आळशी' बोचरे वाटते, म्हणून 'कामचुकार' लिहिले तर चालेल का? अर्थ एकच ना?

एकच नाही. आणि बोचरेपणा म्हणाल, तर 'कामचुकार'च जास्त बोचतो.

मराठीत थकवा येतो, झोप येते, कंटाळा येतो. 'मला कंटाळा आला' यात कर्ता कंटाळा. 'मला' फक्त सोसणारा. काम चुकवायला, अंग चोरायला, टंगळमंगळ करायला मात्र माणूसच कर्ता लागतो. 'आळस' दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहे: तो येतोही आणि करताही येतो. 'चुकार' तसा 'चुकणे'च्या घरातला. कळपातून भरकटलेले जनावरही चुकारच, पण त्याच्या मनात काही नसते. 'कामचुकार' म्हटले की हेतू चिकटलाच.

नियमावलीत हा भेद मोलाचा, कारण जे येते त्याची तजवीज करायची असते आणि जे केले जाते त्याचा जाब विचारायचा असतो. १९४८च्या कारखाने कायद्याने सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असे ठरवले, ते माणसाला थकवा येतो हे धरूनच. अर्थात 'थकतो' यातून 'विश्रांती द्यावी' आपोआप निघत नाही. 'थकलेला हात यंत्रात सापडू नये' हा 'नये' त्या दोहोंच्या मध्ये लागतो, आणि तो आपणच घालतो.

अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० साली व्यवस्थापकांची जी गृहीतके मांडली, त्यांतल्या 'एक्स' गटात माणसाला मुळातच काम नावडते आणि जमेल तेव्हा तो ते टाळतो, असे धरलेले आहे. भाषांतरात ही दोन्ही गृहीतके 'कामचुकार' या एकाच शब्दात कोंबू नयेत. नावडणे वेगळे, चुकवणे वेगळे. नावडती भांडी घरोघर रोज लख्ख घासली जातातच की!

कारणे दाखवा नोटिशीत तर दोन्ही विशेषणे टाळा. 'आपण कामचुकार आहात' असे लिहिले की चौकशीआधीच निकाल दिल्यासारखे होते, आणि नेमके काय केले हे न सांगितल्यामुळे आरोपच मोघम ठरतो. त्यापेक्षा असे लिहा: 'दि. १२ रोजी दुसऱ्या पाळीत ४० नग तपासायला दिले होते, २२ तपासले गेले. उरलेले १८ का राहिले, याचा खुलासा करावा.' नोटीस काढण्याआधी त्या पाळीत यंत्र किती वेळ बंद होते, माल कधी आला, हेही नोंदवहीत पाहून घ्या. कित्येकदा १८ नगांचे उत्तर तिथेच सापडते.