प्रश्नोत्तरे : अल्ट्रासाउंड आणि नॅनोपूड

प्रश्न : प्रोब सॉनिकेटरवर (द्रवात दांडी बुडवून अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी, सोडणारे यंत्र) झिंक ऑक्साइडची नॅनोपूड, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची पूड, करते. जानेवारीत पूड मऊ यायची. एप्रिलपासून त्याच कृतीने गुठळ्या येतात आणि पूड उत्प्रेरक (क्रियेचा वेग वाढवणारी) म्हणून तपासताना उन्हात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंगही लवकर उतरत नाही. मशीन बिघडले का? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : आधी थर्मामीटर बघा, मशीनचे नंतर. ध्वनिलहरींमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि क्षणात मिटतात. मिटताना उठणारा धक्का नव्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. द्रव तापला की बुडबुड्यात वाफ भरते आणि गादीसारखी आड येऊन तो धक्का मवाळ करते. पाण्याचा बाष्पदाब 25 अंश सेल्सिअसला 24 मिलिमीटर पारा असतो, 60 अंशांना 149. भुसावळच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी फिरवून बीकर थंड राहणार नाही. बर्फच हवा.

मात्र अगदी शून्याजवळही नेऊ नका. तिथे ऑक्साइडऐवजी झिंक हायड्रॉक्साइडच जास्त उरते. 25 ते 30 अंश धरा. 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 2.19 ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट विरघळवा. दुसऱ्या 100 मिलीत 1.6 ग्रॅम कॉस्टिक सोडा घ्या. प्रोब चालू असतानाच सोड्याचे पाणी झिंकच्या द्रावणात थेंबथेंब घाला, एकदम ओतलात तर गुठळ्या तिथेच बनतात. टिप द्रवात सुमारे 2 सेंटिमीटर बुडवा, पण बीकरच्या तळाला लागू देऊ नका. 5 सेकंद चालू, 5 सेकंद बंद, असे एकूण तासभर. साका सेंट्रीफ्यूज करून आधी पाण्याने, शेवटी इथेनॉलने धुवा. पाणी राहिले तर वाळताना कण आवळून चिकटतात, आणि धुण्यात कसर राहिली तर सोडियम पुडीत उरते. 80 अंशांना वाळवून 300 अंशांना दोन तास भाजा. जास्तीत जास्त 0.81 ग्रॅम पूड मिळेल. त्याहून जास्त भरली तर ती नीट धुतली गेलेली नाही किंवा हायड्रॉक्साइड शिल्लक आहे, असे समजा.

मशीनची शंका फेडायची असेल तर 100 मिली पाण्यात प्रोब एक मिनिट सलग चालवा. पाणी 3 अंशांनी तापले तर 100 × 4.18 × 3 ÷ 60, म्हणजे सुमारे 21 वॅट द्रवात पोचले. प्रबंधात हा आकडा लिहा. डायलवरच्या टक्क्यांवरून दुसऱ्या प्रयोगशाळेला काहीच कळत नाही. आकडा महिन्यागणिक घसरत असेल तर टिप काढून पाहा. तिचे टोक खरवडलेले, खड्डे पडलेले दिसेल, आणि झिजलेले टायटॅनियम तुमच्या पुडीत गेलेले असेल. उत्प्रेरक तपासताना ते विसरून चालणार नाही.

प्रश्न : सराफांकडे दागिने धुण्याचे अल्ट्रासॉनिक मशीन असते. त्यावर हे जमेल का? – प्राध्यापक, जळगाव

उत्तर : पूड द्रवात पसरवायला जमेल, नवी पूड घडवायला ते कमजोर पडते. ही मशीन साधारण 40 किलोहर्ट्झची असतात आणि शक्ती सगळ्या टाकीत विखुरते. शिवाय टाकीत सगळीकडे जोर सारखा नसतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल अर्धा मिनिट उभी धरा. जिथे भोके पडतील तिथेच सपाट बुडाचा फ्लास्क टांगा, आतल्या-बाहेरच्या पाण्याची पातळी सारखी ठेवून.

इलिनॉय विद्यापीठात केनेथ सस्लिक यांच्या गटाने 1991मध्ये आयर्न पेंटाकार्बोनिलपासून स्फटिकरहित लोह बनवले, तेही जोरदार हॉर्नवर, म्हणजे द्रवात बुडवायच्या प्रोबवर. बुडबुड्यात सुमारे 5000 केल्विन तापमान होते आणि ते इतक्या झपाट्याने निवते की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. हा प्रयोग कॉलेजात करू नका. ते कार्बोनिल अत्यंत विषारी आणि ज्वलनशील आहे.

प्रश्न : केळीच्या खांबांची राख बायोडिझेलसाठी उत्प्रेरक म्हणून चालेल का? – शेतकरी, रावेर

उत्तर : चालते. राखेत पोटॅशियम कार्बोनेट भरपूर असते, आणि ज्यांच्यापासून बायोडिझेल बनते ते एकमेकांत न मिसळणारे तेल व मिथेनॉल अल्ट्रासाउंड बारीक घुसळून एकत्र आणते. पण पोटॅशियम विरघळून, बायोडिझेलसोबत तयार होणाऱ्या ग्लिसरीनच्या थरात जाते. त्यामुळे तीच राख परत वापरली की काम मंदावते. तळणाचे जुने तेल असेल तर आधी त्यातले मुक्त स्निग्धाम्ल मोजा. ते एक टक्क्याच्या वर गेले की साबण व्हायला लागतो आणि थर वेगळे होत नाहीत. मिथेनॉलही विषारी आहे, त्याची वाफ लगेच पेट घेते. काम मोकळ्या हवेत, चूल-विडीपासून लांब करा.